सात कार्डे, एकच चेहरा: टाय कॉब पाठीच्या तंबाखू-कार्डांचे प्रकरण

## प्रकरण

२०१६ च्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका ग्रामीण गावात एक कुटुंब पणजोबा-पणजींचे घर आवरत होते. जमिनीवर एक चुरगळलेली कागदी पिशवी पडली होती. ती कचऱ्यात जायची थोडक्यात राहिली. कुणीतरी आत डोकावले, तेव्हा जुन्या कागदांखाली बेसबॉल खेळाडूची छोटी रंगीत कार्डे निघाली. एकूण सात कार्डे होती, आणि सातही एकाच खेळाडूची, एकाच चित्राची.

खेळाडू होता डेट्रॉइट टायगर्सचा टाय कॉब. कार्डांच्या पाठीवर संघाचे नाव नव्हते की आकडेवारी नव्हती, तंबाखूची जाहिरात होती: ‘टाय कॉब, किंग ऑफ द स्मोकिंग टोबॅको वर्ल्ड’. या पाठीची कार्डे तोवर जगात सुमारे १५ माहीत होती. एका पिशवीने ती संख्या २२ च्या आसपास नेली. कुटुंबाने नाव आणि गाव गुप्त ठेवले. संग्राहकांमध्ये हे प्रकरण ‘लकी सेव्हन फाइंड’ म्हणून ओळखले जाते.

दुर्मीळ कार्डांचा विषय निघाला की सगळे होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूच्या कार्डावर येऊन थांबतात. कॉबचे हे कार्ड वेगळ्या कारणाने दुर्मीळ झाले. ते कारण नीट समजले नसते, तर पिशवीतली सातही कार्डे बनावट ठरवून बाजूला ठेवली गेली असती.

## पार्श्वभूमी

१९०९ ते १९११ या काळात जेम्स ड्यूक यांच्या अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची कार्डे घातली. नाजूक कागदी पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाइकाने पुढचे पाकीट आपलेच घ्यावे, असे दोन्ही हेतू त्यातून साधत. कार्ड साधारण ३६ मिलिमीटर रुंद आणि ६७ मिलिमीटर उंच, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. समोर शिळाछापाचे, म्हणजे दगडी शिळेवरून छापलेले, रंगीत चित्र, खाली तपकिरी शाईत आडनाव आणि शहर, आणि पाठीवर तंबाखूच्या ब्रँडची जाहिरात. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या सूचीत या संचाला टी२०६ हा क्रमांक दिला आणि तोच रूढ झाला. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातले तंबाखू-कार्ड. बर्डिकने आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला.

प्रचलित मोजणीनुसार संचात ५२४ चित्रे आहेत आणि पाठी १६ ब्रँडच्या. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल यांची कार्डे ढिगाने सापडतात. ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर, सायकल, टॉलस्टॉय, ड्रम, उझिट ही इतर नावे. एका ब्रँडचे नाव चक्क ‘हिंदू’ होते. त्या काळी अमेरिकन गिऱ्हाइकाला पूर्वेकडचे कुठलेही नाव सुवासिक वाटे, एवढाच त्याचा अर्थ.

वय पाहिले तर ही सगळी कार्डे एकाच पिढीतली. तरी पीडमाँट पाठीचे, कोपरे झिजलेले, साध्या खेळाडूचे कार्ड आजही शंभर डॉलरच्या आत मिळते, आणि त्याच संचातले वॅग्नरचे कार्ड २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेले. शंभर वर्षांत गहाळ होणे दोन्हींच्या वाट्याला सारखेच आले. शाळकरी मुलांनी कार्डे भिंतीवर फेकून खेळ केले, घरच्यांनी टाकून दिली, दोन महायुद्धांच्या काळात कागद गोळा करणाऱ्यांच्या गाड्या दारोदार फिरल्या. फरक पडला तो छापखान्यात आणि वितरणात.

तो कसा, याची काही उदाहरणे:

वॅग्नर पिट्सबर्गचा. आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात जावे हे त्याला मान्य नव्हते. त्याची परवानगी मिळवण्यासाठी कंपनीने जॉन ग्रुबर या क्रीडा-पत्रकाराला १० डॉलर देऊ केले होते. वॅग्नरने नकार कळवला आणि ग्रुबरचे नुकसान होऊ नये म्हणून स्वतःचा १० डॉलरचा धनादेश पाठवला. ही हकिगत १९१२ सालीच छापून आली होती. तो स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे खरे कारण मुलांची काळजी की मानधन, हा वाद अजून मिटलेला नाही. छपाई सुरू होऊन थांबली एवढे नक्की. आज ५० ते ६० कार्डे माहीत आहेत.

फिलाडेल्फियाच्या शेरी मगीचे आडनाव आधी चुकीच्या स्पेलिंगने छापले गेले आणि लगेच दुरुस्त झाले. चुकीचे कार्ड फक्त पीडमाँटच्या सुरुवातीच्या पाठीवर मिळते. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी जो डॉइल अमेरिकन लीगमधल्या न्यूयॉर्क संघाचा, पण त्याच्या नावाखाली नॅशनल लीगचा उल्लेख पडला, कारण न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघातही एक डॉइल होता. पुढच्या छपाईत तो शब्द काढला. डेमिट आणि ओहारा यांनी संघ बदलले आणि कार्डावरचे शहरही बदलले, पण बदललेली कार्डे एकट्या पोलर बेअरच्या पाकिटांत गेली.

या सर्व कार्डांत एक समान गोष्ट आहे: छपाईच्या मध्येच कुणीतरी शिळेवर काहीतरी बदलले किंवा काढून टाकले. कॉबच्या या कार्डाबाबत तसे काहीच झाले नाही. लाल पार्श्वभूमीवरचा कॉबचा चेहरा हे संचातल्या त्याच्या चार चित्रांपैकी सहज मिळणारे चित्र. पीडमाँट पाठीसह ते हजारोंनी छापले गेले. दुर्मीळ आहे ती फक्त पाठ.

## एकच कार्ड असलेला ब्रँड

टाय कॉब तंबाखू उत्तर कॅरोलायनातल्या रीड्सव्हिलच्या एफ. आर. पेन टोबॅको कंपनीची. कार्डाच्या पाठीवर कारखाना क्रमांक ३३, उत्तर कॅरोलायनाचा चौथा करजिल्हा असे छापलेले असते. तंबाखूवर उत्पादन-कर होता आणि मालावर कारखान्याचा क्रमांक घालावा लागे, त्यामुळे हे आकडे आज संशोधकांना पत्त्यासारखे उपयोगी पडतात. हा माल म्हणजे तयार सिगारेट नव्हती. पाइपात भरायचा किंवा कागदात वळून ओढायचा मोकळा तंबाखू होता. तो पत्र्याच्या डब्यात येई. ते डबेसुद्धा आज बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

कॉब जॉर्जियाचा. १९०९ साली त्याच्या नावाचा दरारा देशभर होता. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या वार्षिक अंतिम मालिकेत, वॅग्नरच्या पिट्सबर्गने त्याच्या डेट्रॉइटला ४-३ असे हरवले, तरी दक्षिणेत कॉब घरचा माणूसच होता. त्याच्या नावाचा तंबाखू दक्षिणेत खपेल हा हिशेब चुकीचा नव्हता, पण ब्रँड टिकला नाही. थोडा काळ, थोड्या भागात विकला गेला आणि संपला. मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅकोची मक्तेदारी मोडून कंपनी विभागण्याचा आदेश दिला, आणि कार्डांची ती सगळी घोडदौडच मंदावली.

ही पाठ दुर्मीळ होण्याचे दुसरे कारण फारसे बोलले जात नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. पीडमाँटच्या पाकिटात आज कॉब, उद्या मॅथ्यूसन, परवा कुणी अनोळखी पिचर असे. मुले वडिलांच्या मागे लागत, दुबार कार्डांची अदलाबदल करत, डबा भरत जाई. टाय कॉब तंबाखूच्या डब्यात मात्र दरवेळी तेच चित्र निघे. या पाठीवर दुसरा खेळाडू आजवर मिळालेला नाही. एका कार्डाचा संच जमवायला कोण बसणार? पहिले कार्ड कौतुकाने ठेवले जाई, दुसरे-तिसरे डब्यासोबत फेकले जाई. बदल्यात कुणी काही देईना, कारण शेजारच्या मुलाकडेही तेच कार्ड.

पिशवीतली कार्डे कुणी साठवली असतील याचा अंदाज यावरून येतो. तिथे संग्राहक नसावा, टाकून द्यायला जिवावर येणारा माणूस असावा. प्रत्येक घरात असा एक असतोच.

## अडचण

कुटुंबाने दक्षिण कॅरोलायनातल्या एका कार्डविक्रेत्याला गाठले आणि त्याच्यामार्फत कार्डे कॅलिफोर्नियातल्या पीएसए या प्रमाणीकरण संस्थेकडे गेली. तिथे पहिली प्रतिक्रिया संशयाची होती, आणि ती योग्यच होती.

असे कार्ड वर्षानुवर्षे नव्याने सापडत नाही, आणि इथे एकदम सात. त्यातही सातही सारखी, आणि साधारण सारख्याच चांगल्या अवस्थेत. या व्यवसायात हे वर्णन ऐकल्यावर आधी पुनर्मुद्रण आठवते. टी२०६ ची पुनर्मुद्रणे कित्येक दशके स्वस्तात विकली जात आहेत. चहात बुडवून, कोपरे घासून त्यांना म्हातारे करणारेही आहेत.

याहून अवघड फसवणूक पाठ बदलण्याची. अस्सल लाल कॉब सहज मिळतो. त्याची पीडमाँट पाठ सोलायची आणि दुसऱ्या पाठीचा पातळ थर चिकटवायचा. मग दर्शनी बाजूच्या सगळ्या कसोट्या कार्ड पार करते, कारण ती बाजू खरीच असते.

तिसरी शक्यता कडा छाटण्याची. कार्ड अस्सल, पण झिजलेल्या कडा पात्याने कापून धारदार केलेल्या. सर्वांत प्रसिद्ध वॅग्नर कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले. तपासणीत त्याच्या अवस्थेला १० पैकी ८ ची श्रेणी मिळाली. २०१३ मध्ये एका लिलावघराच्या माजी प्रमुखाने, आपण ते कार्ड छाटले होते, असे न्यायालयात कबूल केले. तेव्हापासून नव्या शोधाकडे सगळेच जरा डोळे बारीक करून पाहतात.

## पर्याय

अशा कुटुंबापुढे वाटा फार नसतात आणि प्रत्येकीत खड्डे असतात.

जवळच्या पुराणवस्तू दुकानात दाखवून जो भाव मिळेल तो घेणे, ही सगळ्यात झटपट वाट. दुकानदार बेइमान असण्याची गरज नाही. त्याला पाठीचा फरक माहीत नसेल तर तो लाल कॉबचा भाव सांगेल, आणि तो भाव या कार्डाच्या तुलनेत चिल्लर आहे. टी२०६ मध्ये कार्ड उलटून पाहिल्याशिवाय किंमत बोलूच नये.

थेट लिलावघराला देणे ही दुसरी वाट. लिलावघर प्रमाणीकरण करून घेते, जाहिरात करते, आणि हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे अंतिम बोलीवर, खरेदीदाराकडून वेगळा अधिभार घेते. सातही कार्डे एकाच लिलावात लावली तर अडचण होते: हे कार्ड हवे असणारे आणि परवडणारे संग्राहक मोजके. पहिल्या दोन-तीन कार्डांनी त्यांची भूक भागली की उरलेल्यांचा भाव घसरतो. ज्ञात संख्येच्या जवळजवळ एकतृतीयांश माल एका हातात असेल तर विकणारा स्वतःच बाजार बिघडवू शकतो.

जाणत्या विक्रेत्याला मध्यस्थ ठेवून आधी प्रमाणीकरण आणि मग हप्त्याहप्त्याने विक्री, ही तिसरी. यात विश्वास लागतो. कार्डे अनेक आठवडे दुसऱ्याच्या ताब्यात असतात, त्यामुळे लेखी करार, प्रत्येक कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि पाठवणीचा पूर्ण किमतीचा विमा हवाच.

चौथी वाट म्हणजे काहीच न विकणे. भावनेला ती पटते. पण विमा, तिजोरी आणि वारसांमधले हिस्से हे प्रश्न न विकल्याने सुटत नाहीत, फक्त पुढच्या पिढीकडे जातात.

तुलनेसाठी २०१२ चे ओहायोतले डिफायन्स गावचे प्रकरण पाहावे. आजोबांच्या माळ्यावर एका खोक्यात १९१० च्या सुमाराची सुमारे ७०० कार्डे निघाली, बहुतेक नवीकोरी. २० मावस-चुलत भावंडांनी समान वाटणी ठरवली. पहिल्या लिलावात फक्त ३७ कार्डे ठेवली आणि त्यांतून ५ लाख ६६ हजार डॉलर आले. बाकीचे टप्प्याटप्प्याने काढायचे ठरवले. त्या खोक्यात एका खेळाडूच्या अनेक प्रती होत्या, म्हणून हाच धोका तिथेही होता.

## प्रत्यक्षात काय झाले

सर्वांत मोठा निर्णय पिशवी उघडण्याचा. त्यानंतर कुटुंबाची दुसरी चांगली गोष्ट म्हणजे जाणकार विक्रेत्याकडे जाणे. प्रमाणीकरण आधी आणि बोभाटा नंतर हा क्रम पाळला गेला.

अशा कार्डाची तपासणी कशी होते ते सांगतो, कारण निर्णय इथेच लागतो.

पहिले काम कार्ड मोजणे. छाटलेले कार्ड बहुधा एका दिशेने अर्धा-एक मिलिमीटर कमी भरते, पण त्या काळच्या कापणीतही फरक असे. त्यामुळे नुसत्या मापावर कुणी निकाल देत नाही. कड भिंगाखाली पाहतात. शंभर वर्षांची कड किंचित बोथट आणि आतल्या थरापर्यंत मळलेली असते. नव्याने कापलेली कड उजळ दिसते आणि कोपऱ्याशी पाते वळल्याची बारीक आकडी राहते.

मग दहापट भिंगातून छपाई. शिळाछापात प्रत्येक रंगाची वेगळी शिळा असते आणि छटा हाताने उमटवलेल्या ठिपक्यांनी केलेल्या असतात, म्हणून ठिपके अनियमित दिसतात. जुन्या रविवर्मा छापखान्याचे देवादिकांचे चित्र ज्यांनी भिंगातून पाहिले आहे, त्यांना ही छपाई लगेच ओळखू येईल, तंत्र तेच. आधुनिक पुनर्मुद्रणात ठिपके एकसारख्या जाळीत, फुलासारख्या वर्तुळात बसतात. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे खालचे नाव. अस्सल कार्डावर ती अक्षरे सलग तपकिरी शाईची असतात, नकलेत अक्षराची कडसुद्धा ठिपक्यांची बनलेली असते.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने सर्रास येऊ लागली. तो कागद दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९१० चा कागद मंद राहतो. पाठ बदलली असेल तर बऱ्याचदा दोन थर दोन वेगळ्या छटा दाखवतात, आणि कडेला चिकटवणीची रेघ सापडते.

टाय कॉब पाठीला एक खास कसोटी आहे. या कार्डांच्या दर्शनी बाजूवर चकाकीचा हलका लेप असतो. इतर टी२०६ कार्डांवर तो नसतो. डब्यातल्या ओलसर तंबाखूने कार्ड खराब होऊ नये म्हणून तो दिला असावा, असे मानतात. पीडमाँटच्या लाल कॉबला पाठ चिकटवून नक्कल केली तर समोरची बाजू निस्तेज राहते आणि तिथेच ती पकडली जाते. याच लेपामुळे आणि वेगळ्या वितरणामुळे काही अभ्यासक हे कार्ड टी२०६ चा भाग न मानता स्वतंत्र समजतात. लिलावाच्या याद्यांत मात्र ते टी२०६ म्हणूनच येते.

उरतो तो मूळ संशय: सातही सारखी कशी? पीडमाँट पाठीची सात कार्डे एका पिशवीत निघाली असती आणि सातांवर एकच चेहरा असता, तर ती शंका बळकट झाली असती; पीडमाँट ओढणाऱ्याच्या पिशवीत सात वेगळे चेहरे असायला हवेत. टाय कॉब तंबाखू ओढणाऱ्याच्या पिशवीत सात सारखेच असायला हवेत, कारण त्या डब्यातून दुसरे काही येतच नव्हते. ज्या गोष्टीने शंका आली, तीच नीट पाहिल्यावर बाजूने साक्ष देते. बनावट करणाऱ्या शहाण्याने सात सारखी कार्डे एकदम बाजारात आणली नसती, हेही आहेच. दक्षिणेतले घर हा दुवाही जुळत होता.

## निष्पत्ती

सातही कार्डे अस्सल ठरली आणि मार्च २०१६ मध्ये शोध जाहीर झाला. श्रेणी दहापैकी मधल्या होत्या, सर्वांत वरची ४.५. ऐकायला किरकोळ वाटते, पण या पाठीची आधीची बहुतेक कार्डे याहून झिजलेली होती. एकत्रित किंमत दहा लाख डॉलरच्या वर सांगितली गेली.

संख्या १५ वरून २२ वर गेल्याने जुन्या मालकांचे नुकसान झाले का? गणिताने पाहिले तर पुरवठा निम्म्याने वाढला. पण एवढ्या कमी संख्येत बाजार वेगळा वागतो. पंधरा कार्डे असताना वर्षानुवर्षे एकही विक्रीला येत नसे, त्यामुळे भाव काय धरावा हेच ठरत नव्हते. नव्या कार्डांमुळे व्यवहार झाले, तुलनेला आकडे मिळाले, आणि ज्यांनी या कार्डाचे नावही ऐकले नव्हते तेही ते शोधू लागले. माझ्या मते जुन्या मालकांनी याबद्दल फार कुरकुर करण्याचे कारण नव्हते. पिशवीत सातऐवजी सत्तर असती, तर मी असे म्हटले नसते.

## वेगळे काय करता येते

घर आवरताना कागदाच्या पिशव्या, जुन्या वह्या, शिवणाचे डबे, औषधाची खोकी शेवटी टाकावीत, आधी नव्हे. तंबाखू-कार्डे माळ्यावरच्या ‘किमती’ खोक्यात क्वचित निघतात. ती पुस्तकात खूण म्हणून, चौकटीच्या पाठीमागे पाचर म्हणून किंवा पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात अडकलेली असतात.

कार्ड सापडल्यावर हात लावण्याआधी, आहे त्या जागी छायाचित्र काढावे: पिशवी, तिच्यातले इतर कागद, कार्डांचा क्रम. पुढे मूळ ठिकाणाबद्दल शंका निघाली की हेच फोटो उपयोगी पडतात. सोबतच्या पोस्टकार्डांवर टपालाचे शिक्के असतील तर ती मुळीच वेगळी करू नयेत. तारीख आणि गाव सांगणारा त्यांच्याइतका स्वस्त साक्षीदार दुसरा नाही.

कार्ड पुसू नये. ओले फडके, खोडरबर, इस्त्री यांतले काहीही लावले की श्रेणी जाते, आणि लपवले तर फसवणूक ठरते. एकमेकांना चिकटलेली कार्डे ओढून सोडवू नयेत. रबरबँड तर लांबच ठेवावा, तो कडांना खाच पाडतो आणि कुजला की कागदाला चिकटतो. आम्ल नसलेल्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात एकेक कार्ड, त्यावर अर्धताठ आवरण, एवढे पुरते. जुन्या अल्बमचे वास येणारे पीव्हीसी कप्पे टाळावेत.

मालकीचा प्रश्न आधी सोडवावा. पणजोबांच्या घरातली वस्तू सापडणाऱ्याची नसते, वारसांची असते. पिशवी कुणी उघडली यावरून हिस्सा ठरवायला गेले की विक्रीच्या आधीच वकील येतात. ओहायोच्या भावंडांसारखी समान वाटणी आधी कागदावर घ्यावी आणि नंतर लिलावघराशी बोलावे. तो क्रम चांगला. अमेरिकेत वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत मृत्यूच्या वेळच्या बाजारभावाने धरली जाते आणि संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर करदर २८ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे विक्रीआधीचे लेखी मूल्यांकन पैसे वाचवते. लाखो डॉलरच्या व्यवहारात त्या अहवालाचा खर्च कुणाला आठवतही नाही.

एकाच तपासनिसावर सर्व भार टाकावा का, हा मतभेदाचा मुद्दा. वॅग्नर कार्डाच्या अनुभवानंतर मी म्हणेन की सातपैकी निदान एक कार्ड प्रमाणीकरण संस्थेच्या सीलबंद प्लास्टिक डबीत जाण्यापूर्वी दुसऱ्या स्वतंत्र जाणकाराने मोकळे पाहावे. डबीत गेल्यावर कड भिंगाखाली येत नाही.

आणि जाहीर करण्यापूर्वी घर पूर्ण पालथे घालावे. या प्रकरणात सात हा आकडा बातमीचे नावच बनला. विक्रीची आखणी, दुर्मीळतेचा हिशेब, सगळे सातवर बेतले गेले. पुढे त्याच कुटुंबाला त्याच पाठीचे आठवे कार्ड सापडले.